खुंटीवरचा पांगिरा

इलाहीदादा, तुम्ही गेल्यापासून माझ्या हाताला एक खोड लागली आहे. काहीही उचललं की मी त्याचं वजन बघते. परवा अंगणवाडीत खेळण्यांची टोपली उचलली आणि तशीच धरून उभी राहिले. मदतनीस म्हणाली, "बाई, काय झालं?" काय सांगू तिला? तुम्ही शिकवलेलं करत होते. "पांगिरा उचलल्यावर हात फसला पायजे बघ, शालन. हात जोर लावून वर जातो आणि लाकडात कायच नसतं. हात फसला की समजायचं, लाकूड वाळलं." असं तुम्ही मला तीनदा तरी सांगितलं असेल. मग एका दिवशी तुमचा हात दुसऱ्याच तऱ्हेनं फसला, आणि त्याचं कारण मी होते.

एवढं एक वाक्य लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. तुम्ही होतात तोवर तोंड उघडलं नाही, आणि आता ऐकायला तुम्ही नाही तर मी वही घेऊन बसले आहे. हसा, हसण्यासारखंच आहे.

आपलं नातं लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत व्हायची. मी आटपाडीकडची, मेंढरांमागे फिरणाऱ्या घरातली. तुम्ही त्याच गावातले, मशिदीमागच्या आळीतले. मी लग्न होऊन पलूसजवळच्या या कृष्णाकाठच्या गावात आले, तेव्हा तुम्ही आधीच इथे सासुरवाडीत सुतारकाम करत होतात. माझ्या लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दारात येऊन सासूबाईंना म्हणालात, "आमच्या गावची पोरगी हाय. म्हंजे माझी भन." संपलं. माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ, त्याला आणखी काही लागत नाही. त्या दिवाळीपासून भाऊबीजेला तुम्ही खण घेऊन यायचात. टोपी सरळ करून पाटावर बसायचात आणि मी ओवाळायचे. जाऊबाई, म्हणजे आमच्या अक्का, चिडवायच्या, "शालन, तुझ्या भावानं मिशी गावाकडं ठिवली आणि दाढी तेवढी आणली बघ." तुम्ही ओवाळून होईपर्यंत हसू दाबून बसायचात.

आणि दादा, आपण दोघंही दुष्काळी मुलखातले. आपल्याकडे विहिरीत उतरायचं ते घागर घेऊन, गाळ काढायला. पोहणं वगैरे चैनीच्या गोष्टी. तरी या गावातल्या सगळ्या पोरांच्या पाठीला पांगिरा बांधून त्यांना पोहायला शिकवणारा माणूस कोण, तर तुम्ही. ज्याला स्वतःला पोहता येत नव्हतं! विहिरीच्या तिसऱ्या पायरीवर उभं राहून ओरडायचात, "पाय मार, पाय मार!" मी एकदा विचारलं होतं, दादा, तुम्ही कधी उतरणार? तर म्हणालात, "पांगिरा पवतोय की. मी नुसता त्याचा बाप."

पांगिऱ्यावर तुमचा जीव होता. लोक त्याला लाकडात धरतच नाहीत. कुंपणाला लावायचं काटेरी झाड, फांदी खोचली की उगवणारं, पानमळ्यात वेलीला आधार म्हणून लावायचं. चुलीत घातलं तर धड जळत नाही, नुसतं धुमसतं. खिळा धरत नाही. चौकटीला वापरलं तर दोन पावसाळ्यांत किडे खाऊन टाकतात. "कुनाच्याच कामाचं न्हाई, म्हणून माझ्या कामाचं," असं तुमचं म्हणणं. मिरजेकडे एखादा पानमळा मोडला की तिथली जुनी खोडं तुम्ही बैलगाडीतून आणायचात. साल सोलून ती सावलीत ठेवायचात, उन्हात नाही, कारण उन्हात तडकतात. मग वाकसानं तासायला बसलात की लाकडाच्या ढलप्या वाऱ्यावर उडायच्या आणि भाभी झाडू घेऊन तुमच्या नावानं बोटं मोडायच्या. बेंदराच्या सणाला मुलांना बैल, पाळण्यावर राघू, बरण्यांची बुचं. पण खरी तुमची ओळख सांगडीची. हातभर लांबीचे दोन ओंडके, दोन्हींना दोरीसाठी खाच, आणि ते मुलाच्या पाठीला दोन्ही अंगांनी घट्ट बांधायचे. मूल पाण्यात पडलं की ओंडके त्याला वर धरून ठेवायचे.

सांगड ठेवायची कुठे, याचाही तुमचा नियम होता. चुलीवरच्या खुंटीला. वर्षभर धूर लागला की किडा जवळ येत नाही आणि लाकूड कोरडं राहतं. गावात घरोघरी चुलीच्या वर काळीकुट्ट सांगड टांगलेली असायची, आणि उन्हाळा लागला की ती खाली उतरायची.

ज्या वर्षी तुमचा हात फसला, त्याच्या आदल्या वर्षी आमच्या घरात गॅस आला. चूल परड्यात गेली आणि तिच्याच जागी ओटा बांधला. खुंटी होती तिथेच राहिली. पावसाळा तोंडावर आला तसं अक्का म्हणाल्या, "सांगड टांगून ठिव गं." मी टांगली, नेहमीच्या खुंटीला. खाली आता चूल नव्हती, कुकर होता. अक्का शिट्टीला घाबरायच्या, म्हणून कुकर माझ्या ताब्यात होता, आणि मला त्याची केवढी मिजास! दोन वेळा डाळभात लावायचे. शिट्टी झाली की वाफ सरळ त्या ओंडक्यांवर जायची. मी रोज बघत होते. धूर काय, वाफ काय, दोन्ही वरच जातात, यापलीकडे माझी अक्कल गेली नाही. पाण्याकाठी जन्मलेल्या बाईनं कदाचित ओळखलं असतं. कदाचित तिनेही ओळखलं नसतं. मी हा 'कदाचित' पंचवीस वर्षं चघळते आहे.

एप्रिलमध्ये राणीला पोहायला शिकवायचं ठरलं. राणी अक्कांची एकुलती एक, आठ वर्षांची, सगळ्या घराचा जीव तिच्यात. माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. हे लिहायला नको वाटतं, पण पुढचं सगळं यातूनच घडलं, म्हणून लिहिते.

तुम्ही सांगड हातात घेतलीत, वर-खाली केलीत आणि खूश झालात. "लय हलकी झालीया गं. झ्याक वाळली औंदा." आत कुजलेलं लाकूड उन्हाळ्यात वाळलं की चांगल्या लाकडापेक्षाही हलकं लागतं, हे तुम्हाला तरी कुठे माहीत असणार? तुमच्या कुठल्याच सांगडीला तोवर वाफ लागली नव्हती. वरून जुनी काजळी जशीच्या तशी होती. तुमच्या हाताला जे कळायचं होतं तेच कळलं, आणि तेच चुकलं.

मी विहिरीच्या काठावर टॉवेल घेऊन उभी होते. राणीनं पिवळा फ्रॉक घातला होता. पहिली फेरी नीट झाली. दुसऱ्या फेरीला मध्यावर दोरीखालचं लाकूड चुरलं, दोरी सैल पडली आणि एक ओंडका निसटून बाजूला गेला. राहिलेल्या ओंडक्यानं तिला पालथी केली. तोंड पाण्यात आणि पाठीवर तो काळा ओंडका. आम्हाला आधी वाटलं पोरगी खेळते आहे. मी त्यानंतर त्या विहिरीवर गेले नाही, पण ते दिसायला विहिरीवर जावं लागत नाही. ओट्याशी उभी असते, कुकरची पहिली शिट्टी होते, आणि समोरच्या फरशीवर पिवळा फ्रॉक तरंगायला लागतो. डॉक्टरांनी मला एकदा झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, मला झोप लागते हो, मला जागेपणीच दिसतं.

तुम्ही उडी मारलीत. पायरीवर दुसऱ्या कुणाची तरी सांगड पडली होती, ती छातीशी कवटाळून, टोपीसकट. पोहता न येणारा माणूस! विहिरीवरच्या पोहणाऱ्या पोरांनी आधी राणीला ओढलं आणि मग तुम्हाला. राणीला इस्लामपूरच्या दवाखान्यात नेलं. चार दिवस ती तिथे होती आणि वाचली.

गाडी गेल्यावर तुम्ही आमच्या स्वयंपाकघरात आलात. कपडे गळत होते. "पाणी दे, शालन." मी तांब्या दिला, पण तुम्ही प्यायला नाहीत. तुम्ही वर बघितलंत, खुंटीकडे. भिंतीवर वाफेचा ओघळ होता, तो बघितलात. मग खाली कुकर बघितलात. तुमच्या हातात तो ओंडका होता, वाकसानं मधोमध फोडलेला. आतलं लाकूड काळपट झालेलं, बोट लावलं की भुगा पडत होता. तुम्ही तो नाकाशी नेलात आणि मग माझ्यापुढे धरलात. त्याला डाळीचा वास येत होता.

"कवापास्नं?" तुम्ही विचारलंत.

"पावसाळ्यापास्नं."

"बरं. आता कुनाला बोलू नको."

"दादा, चूक माझी हाय. मी सांगते."

"काय सांगशील? तुला पोर न्हाई, पोरगी जावेची. लोक काय जोडतील कळतंय का तुला? ह्या घरात ठिवतील का तुला?"

"पर टांगली मी..."

"उचलली मी. हात माझा फसला. लाकूड माझं हाय, शालन. तू गप रहा."

आणि तुम्ही अंगणात जाऊन, जमलेल्या माणसांसमोर सांगितलंत, "लाकूड वाळलं नव्हतं. मी घाई केली. चूक माझी." मी दाराआड उभी राहून ऐकलं. माझ्या हातात तो तांब्या तसाच होता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण तुम्हाला सोडून कुणाशी बोलू? दवाखान्यातून आल्यावर अक्का तुमच्या दारात उभ्या राहून तासभर बोलल्या. काय काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मग लोकांनी आपापल्या सांगडी आणून तुमच्या अंगणात टाकल्या. ढीग झाला. तुम्ही तो पेटवलात, आणि पांगिराच तो, धड पेटेना. दोन दिवस नुसता धूर. आमच्या परड्यापर्यंत येत होता. मी कपडे वाळत घालत होते, ते तसेच धुरात ठेवले, काढावेसे वाटले नाहीत.

महिन्याभरात तुम्ही भाभींना आणि पोराला, नजीरला, घेऊन कुपवाडला गेलात. तिथे मशिनी पाठवायच्या लाकडी पेट्या ठोकायच्या कारखान्यात लागलात. सबंध आयुष्य खिळा न धरणाऱ्या लाकडाबरोबर काढलेला माणूस दिवसभर खिळे ठोकायला लागला. एकदा म्हणालात, "लय सोपं काम हाय. लाकूड कायबी बोलत न्हाई."

अक्कांनी तुम्हाला घराची पायरी बंद केली होती, म्हणून आपली भाऊबीज पलूसच्या स्टँडवर व्हायला लागली. तुम्ही कुपवाडहून सकाळच्या गाडीने यायचात. मी बाजाराचं निमित्त काढायचे. बाकड्यावर बसून, पदराच्या आडोशाने निरांजन लावून तुम्हाला ओवाळायचे. कंडक्टर बघायचे. तुम्ही खण द्यायचात, मी चकल्यांचा डबा. आणि मग दरवर्षी मी तोच विषय काढायचे, दादा, आता सांगू का? तुम्ही दरवर्षी तेच म्हणायचात, "झालं गेलं. डबा मोकळा करून दिऊ का न्यू?" मला मुलगा झाला, तेव्हा मी म्हटलं, आता तर मला कोणी घराबाहेर काढणार नाही. तुम्ही म्हणालात, "आता तर आजिबात नको. पोराला आई चांगली पायजे." सासूबाई गेल्या तेव्हाही मी विचारलं. तेव्हा तुम्ही चिडलात, "उचलली कुनी? मी का तू? मग चूक कुनाची?" आपलं भांडण तिथेच अडकलेलं राहिलं. तुम्ही म्हणायचात हात, मी म्हणायचे वाफ. तुम्हाला ते खरंच वाटत होतं, की माझ्यासाठी म्हणत होतात, हे मला कधी कळलं नाही. तुम्हाला तरी कळलं होतं का?

पण आज खरं सांगते. तुम्ही नको म्हणालात की मला बरं वाटायचं. दरवर्षी गाडीत बसल्यावर छाती मोकळी व्हायची. मी विचारायचे ते तुम्ही नको म्हणावं म्हणूनच.

सांगलीच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा तुमच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. मी उठवून बसवायला हात लावला आणि माझा हात फसला. तुम्ही ओळखलंत. "आता मला हिरीत टाकलं तरी बुडायचो न्हाई," म्हणालात आणि खोकलात. भाभी रागावल्या. नजीर खिडकीशी उभा होता, त्याला त्यातलं काही कळलं नाही. मी बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही माझा हात दाबलात. अंगात जोर नव्हता, पण दाबलात.

तुम्ही गेल्याचा निरोप आला त्या संध्याकाळी मी अक्कांना सांगितलं. सगळं. त्या भाजी निवडत होत्या. आता सत्तरीला आल्या, डोळ्यांनी कमी दिसतं. हातातली जुडी त्यांनी ताटात ठेवली. म्हणाल्या, "तवा सांगितलं असतंस तर तुला मी घरात ठिवलं नसतं, शालन. बरं झालं न्हाई सांगितलंस." मग ताट बाजूला सारून म्हणाल्या, "न्हाई. बरं न्हाई झालं. त्याच्या दारात हुबी राहून मी काय काय बोलले गं." त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच राणीला फोन लावला. राणी आता इस्लामपूरला असते, दोन मुलांची आई आहे. ती म्हणाली, मला बुडाल्याचं काही आठवत नाही काकू, मला फक्त चाचा आठवतात, ओंडक्याला मिठी मारून वरून येताना. मला हायसं वाटलं. म्हटलं, झालं, सुटले. तुमचं नाव तुम्हाला परत मिळालं.

तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला कुपवाडला गेले ती अशा मनाने. जेवणं झाल्यावर नजीर मला कारखान्याच्या बाजूच्या कट्ट्यावर घेऊन बसला. तुमच्यासारखाच बसतो तो, एक पाय खाली सोडून. मी त्याला सांगितलं. खुंटी, कुकर, डाळीचा वास, तुम्ही मला गप्प केलंत ते, सगळं. मला वाटलं होतं तो रागावेल. मी तयारीने गेले होते. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या.

तो रागावला नाही. म्हणाला, "आत्या, मी धा वर्षांमागं अब्बाशी लय भांडलो हुतो. मला लाकडाचं स्वताचं काम काढायचं हुतं. त्यानला म्हटलं, मला वाकस धरायला शिकवा. ते न्हाई म्हणाले. मला राग आला. मी म्हटलं, तुमच्या हातनं एक पोरगी मरता मरता वाचली, तुमी कशाला शिकवताय मला, तुमाला तरी कुठं येत हुतं."

मी विचारलं, "मग? दादा काय म्हणाले?"

"'व्हय' म्हणाले," नजीर म्हणाला. "एवढंच. आत्या, ते 'व्हय' म्हणाले गं. आणि मी खरं धरलं. परत कवा इषय काढला न्हाई त्यांनी, आणि मीबी न्हाई. आता कुनाला जाऊन सांगू मी?"

त्यानं तोंड फिरवलं. मला त्याच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण ठेवता आला नाही. माझ्या हाताला तो हक्क नव्हता.

इलाहीदादा, तुम्ही माझं घर राखलंत, माझा संसार राखलात, त्याची जाण मरेपर्यंत राहील. पण मी तुमच्यावर चिडले आहे, ते ऐकाच. गावासमोर खोटं बोललात ते समजू शकते. स्वतःच्या पोरासमोर का? त्याला तरी एका शब्दाने सांगायचं होतं. एवढं मी तुमच्याकडे मागितलं नव्हतं.

असं लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं. पुन्हा वाचलं. मग ते शेवटचं वाक्य खोडायला घेतलं. दर भाऊबीजेला "सांगू का?" विचारून, तुम्ही नको म्हणायची वाट बघत, मी तुमच्याकडे तुमचं गप्प राहणंच तर मागत होते. तुम्ही ओवाळणीत दरवर्षी तेच देत होतात.